उत्तर कोणी लिहिले, गुण कोणी दिले? पंतोजींच्या शाळेपासून ऑनलाइन वर्गापर्यंत

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला. उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के. कोकण विभाग तर पूर्ण शंभर. ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण. आणि त्या वर्षीच्या सुमारे पावणेसोळा लाख मुलामुलींपैकी एकानेही मंडळाची परीक्षा दिलेली नव्हती.

त्या निकालावर विनोद पुष्कळ झाले. आजच्या धाग्यात विनोद बाजूला ठेवू. आपण इतिहासाचे वाचक आहोत; कोणताही कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणासमोर लिहिला आणि कोणाच्या सोयीसाठी लिहिला, हे आपण आधी विचारतो. २०२१ ची गुणपत्रिका हाही एक दस्तऐवजच आहे. तिला तेच प्रश्न विचारायचे, तर फार मागे जावे लागते.

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून. इंग्रजी अमलापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे गावोगाव या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत मुले बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, कित्ता पाहून मोडीचे वळण बसवायचे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मोठ्याने घोकायची. मोठ्या मुलाने सांगावे, लहानांनी मागून म्हणावे. एकाने दुसऱ्याला सांगणे हा तिथे गुन्हा नव्हता, तीच शिकवण्याची रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासेत अशीच रीत पाहिली आणि ती इंग्लंडला नेली, हे अनेकांना ठाऊक असेल.

या शाळेत परीक्षा नव्हती असे नव्हे. ती रोज होती. फक्त ती गुप्त नव्हती आणि परीक्षक अनोळखी नव्हता. कोणाला निमकी येते, कोण नुसते ओठ हलवतो आणि कोणाच्या पाटीवरचे अक्षर त्याच्या भावाचे आहे, हे पंतोजींना वेगळे तपासावे लागत नसे. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी होती, जातीची भिंत होती, मुलींना बहुधा प्रवेशच नव्हता. पण ‘हे उत्तर याचेच कशावरून?’ हा प्रश्न तिथे उद्भवत नसे, एवढे मान्य करावे लागेल.

जाता जाता एक शब्दही पाहून ठेवा. ‘नक्कल’ हा आपल्या दप्तरातला मानाचा शब्द होता. कागदाची नक्कल करणे हे कारकुनाचे कसब. पोथी उतरवून घेणारा लेखक तर शेवटी नम्रपणे नोंद करी की समोर जसे दिसले तसे लिहिले आहे, चुकले असल्यास दोष मला देऊ नये. ‘कॉपी’ आणि ‘कॉपीबहाद्दर’ हे आपले लाडके शब्द पुष्कळ नंतरचे. ते आले परीक्षागृहासोबत.

परीक्षागृह आले १८५७ नंतर. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याप्रमाणे त्यांचा नमुना होता लंडन विद्यापीठ, म्हणजे शिकवण्याचे काम न करता परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था. मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये घेतली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांतही ते दोघे होते. सोबत बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

यातला बदल किती मूलगामी होता, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याने मुलाला कधी पाहिलेलेही नाही. त्याच्यासमोर आहे फक्त कागद आणि क्रमांक. ओळखीची जागा अनोळखीपणाने घेतली आणि तोच नव्या व्यवस्थेचा प्रामाणिकपणा ठरला. रानड्यांचे कूळ, गाव, वशिला यांपैकी काही परीक्षकाला ठाऊक नसावे, हीच तर त्या परीक्षेची प्रतिष्ठा.

ही कल्पना इंग्रजांची नव्हे. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, राजसेवेच्या परीक्षेत उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकत. तेवढ्याने भागेना, कारण हस्ताक्षर ओळखता येई. म्हणून सरकारी लेखनिक सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा उतरवून काढत आणि परीक्षकाला ती नक्कलच तपासायला मिळे. आपल्या मंडळाच्या उत्तरपत्रिकेवरचे बारकोड स्टिकर हे त्याच चिकटवलेल्या कागदाचे वंशज. यातला संशय कोणावर आहे, ते पाहा. उमेदवारावर तर आहेच. पण नाव झाकणे आणि अक्षर लपवणे हा बंदोबस्त आहे परीक्षकावर.

हा दुसरा संशय विसरला की शिक्षणातल्या अप्रामाणिकपणाचा इतिहास अर्धाच राहतो. आपण बाकावरच्या मुलाची झडती घेतो आणि टेबलामागे बसलेल्यांना सोडून देतो.

उदाहरण हवे असेल, तर १८६२ मधील इंग्लंडचे घ्या. तिथे रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान निकालाशी जोडले गेले. निरीक्षक यावा, मुलाने वाचून दाखवावे, पास झाला तर शाळेला पैसे. थोड्याच काळात मुले धडे इतके पाठ करू लागली की पुस्तक उलटे धरले तरी ‘वाचन’ अचूक होई. स्वतः शाळा-निरीक्षक असलेला कवी मॅथ्यू अर्नोल्ड या पद्धतीवर वर्षानुवर्षे टीका करीत राहिला. तीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. यात लबाडी कोणी केली? मुलाने तर सांगितले तेवढे पाठ केले.

आता थेट ऑक्टोबर २०११. महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ तारखांना राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. सगळीकडे एकदम मोजणी आणि मुलांच्या बोटाला शाई, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये. लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. शिक्षकांची पदे, अनुदान, पोषण आहार हे सारे पटसंख्येवर अवलंबून. म्हणून पट फुगला. ही मोहीम नांदेडमधून पुढे आली. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटाची मोजणी आणि कॉपीमुक्त परीक्षा हे दोन्ही उपक्रम राबवले होते. दोन्ही एकाच जिल्ह्यातून यावेत, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

कायदाही होता. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ मध्येच स्वतंत्र अधिनियम केला. तरी मार्च २०१९ मध्ये भिवंडीत दहावीच्या प्रश्नपत्रिका परीक्षेआधी व्हॉट्सॲपवर फिरल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. फोन परीक्षेच्या आड येऊ लागला होता, तो टाळेबंदीच्या आधीपासून.

आता दूरशिक्षण. शाळेत न जाता शिकणे ही २०२० ची नवलाई नव्हे. १८४० मध्ये आयझॅक पिटमन इंग्लंडमध्ये टपालाने लघुलिपी शिकवीत होता. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कुठेही शिकलेल्यांना खुल्या केल्या. दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ चे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली वाट म्हणजे ‘सतरा नंबरचा फॉर्म’. शाळा सुटलेली मुलगी, कामाला लागलेला मुलगा, लग्नानंतर शिकू पाहणारी बाई यांनी तो भरून बहिःस्थ म्हणून दहावीला बसायचे.

या सर्वांत एक गोष्ट समान होती. शिकणे कुठेही होवो, घरी, दुकानात किंवा रात्री कंदिलाच्या उजेडात. शेवटची परीक्षा मात्र ठरावीक केंद्रावर, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर. दूरशिक्षण दूर होते, पण त्याची परीक्षा कधीच दूर नव्हती. तिच्यावरच त्या प्रमाणपत्राची पत टिकून होती.

मार्च २०२० मध्ये ही शेवटची कडीही निखळली. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता, तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. जूनपासून वर्ग फोनवर आले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला, दीक्षा ॲप, सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ आणि नोव्हेंबरपासून ‘स्वाध्याय’. हा शेवटचा उपक्रम आपल्या विषयाशी फार जवळचा. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न यायचे, मुलाने उत्तराचा पर्याय पाठवायचा, लगेच निकाल. कल्पना चांगली होती. पण पलीकडे पर्याय कोण निवडते, हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता. मूल? ताई? की फोनचा मालक असलेले बाबा, रात्री कामावरून आल्यावर?

इथे ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर थोडे थांबू. भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात, तानसा नदीच्या काठी गणेशपुरी आहे. उन्हाळ्याचे झरे, म्हणजे गरम पाण्याची कुंडे, यांसाठी गाव प्रसिद्ध. शेजारी वज्रेश्वरी, तिथले देऊळ वसईच्या १७३९ च्या विजयाशी जोडलेले, म्हणून या धाग्याच्या वाचकांना परिचित असेल. यात्रेकरूंना दिसते ती गणेशपुरी एवढीच. पण भिवंडी, वाडा, वसई हा सारा पट्टा वीटभट्ट्यांचाही आहे. दिवाळीनंतर कातकरी, वारली आणि इतर आदिवासी कुटुंबे भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले सोबत असतात. म्हणजे शाळेचा निम्म्याहून अधिक काळ ती शाळेच्या गावात नसतात, हजेरीपटावर मात्र असू शकतात.

भट्टीवर राहण्यासाठी कच्च्या विटा रचून जे खोपटे उभारतात, त्याला ‘भोंगा’ म्हणतात. गणेशपुरीजवळच्या उसगावला केंद्र असलेल्या विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच शाळा सुरू केल्या, त्या ‘भोंगा शाळा’. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित ही त्यामागची नावे. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी उभी राहिलेली श्रमजीवी संघटनाही त्यांचीच. मूल जिथे आहे तिथे शाळा गेली, मूल समोर बसले आणि शिक्षकाने त्याला पाहिले. पंतोजींच्या शाळेतले जे एक टिकवण्याजोगे होते, ते इथे दिसते; आणि तेही ज्यांना तिथे कधी जागा नव्हती, त्यांच्या मुलांसाठी.

आता या मुलापुढे ‘ऑनलाइन वर्ग’ ठेवून पाहा. ‘असर’च्या पाहणीनुसार भारतातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये ६१.८ टक्के. दोन वर्षांत झेप मोठी आहे, पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे वेगळे. २०२१ च्या पाहणीत घरी फोन असूनही सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. पालघर जिल्ह्यात दांडवळच्या बाजूला तर काहींनी पाड्यापाड्यावर कर्णे लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. भट्टीवरचा भोंगा विटांचा, हा आवाजाचा.

अशा वेळी ‘ऑनलाइन परीक्षेत कॉपी कशी रोखावी?’ हा प्रश्नच मला शहरी वाटतो. एका घरात स्वतंत्र खोली, वेगवान जोडणी, शेजारी शिकवणीचे सर, दुसऱ्या खिडकीत उघडे उत्तर. दुसऱ्या घरात पाच माणसांत एक फोन आणि झाडावर चढल्याशिवाय न मिळणारी रेंज. पहिल्या मुलाचे गुण त्याच्या ज्ञानापेक्षा जास्त बोलतात, दुसऱ्याचे कमी. कॅमेरा लावून पहिल्याची लबाडी कदाचित पकडता येईल. दुसऱ्याच्या गुणपत्रिकेतले असत्य कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. त्याने तर लबाडी केलेलीच नाही.

पुन्हा २०२१ कडे. एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरून शासनाला खडसावलेही. २८ मे रोजी सूत्र आले : दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० गुण, दहावीच्या तोंडी व प्रात्यक्षिक कामाला २० गुण आणि नववीच्या अंतिम निकालाला ५० गुण. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती. अभिलेखात फेरफार केल्यास शाळेवर कारवाईची तंबीही सोबत होती. म्हणजे चिनी परीक्षकावरचा तो जुना संशय.

या सूत्रातली गंमत नववीच्या ५० गुणांत आहे. ही मुले नववीत होती २०१९-२० मध्ये. त्यांची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीने रद्द झाली होती, त्यामुळे नववीचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्राचा आणि वर्गातल्या कामाचा. राज्याने विश्वासार्ह पुरावा शोधला, तेव्हा अर्धा भार अशा गुणांवर टाकला, जे मूल आणि शिक्षक एका खोलीत असताना पडले होते. वर्षभराच्या ऑनलाइन शिक्षणावर इतका बोलका अभिप्राय दुसऱ्या कोणत्या शासकीय कागदात असेल असे वाटत नाही.

दुसरा विरोधाभास याहून तिखट. अंतर्गत गुणांत शाळा उदार होतात, या समजुतीने २०१९ च्या दहावीत भाषा व सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० गुण काढून टाकले होते. निकाल २०१८ मधील ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, ते गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. ज्या शिक्षकांवर २०१९ मध्ये वीस गुणांचाही विश्वास नव्हता, त्यांच्याच हाती दोन वर्षांनी शंभरच्या शंभर गुण सोपवावे लागले. मग त्यांनी जे केले, त्याला उदारपणा म्हणायचे की अप्रामाणिकपणा? माझे मत विचाराल, तर वर्षभर मुलाला नीट पाहताच आले नाही अशा शिक्षकाने शंकेचा फायदा मुलाला देणे हे समजण्यासारखे आहे. खोटे काही असेल, तर ‘आम्ही मोजले’ असा त्या आकड्याचा आविर्भाव.

इंग्लंडने नेमकी उलटी वाट धरली होती. तिथे ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षकांनी दिलेल्या ए-लेव्हल श्रेणी गणिती सूत्राने ‘दुरुस्त’ केल्या गेल्या. शाळेचे मागील निकाल पाहून सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आणल्या. दुबळ्या शाळेतल्या हुशार मुलाला त्याच्या आधीच्या तुकड्यांची शिक्षा मिळाली. मुले रस्त्यावर उतरली आणि १३ तारखेला लागलेला निकाल १७ तारखेला मागे घेण्यात आला. यंत्राने शिक्षकाला तपासले, पण मुलाला त्यानेही पाहिले नव्हते.

आपल्याकडे गुणांचे पीक आल्यावर अकरावीच्या प्रवेशाचा पेच उभा राहिला. शासनाने २१ ऑगस्ट २०२१ ला ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा ठरवली; उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. म्हणजे प्रवेश त्याच गुणांवर. एक-दोन गुणांनी कोणाचे महाविद्यालय हुकले असेल, तर त्या एक-दोन गुणांमागे काय होते, हे आता कोणीही शोधू शकणार नाही.

त्या वर्षी अनेक शिक्षकांनी वेगळे मार्गही वापरले. फोन करून मुलालाच त्याच्या वहीतले गणित समजावून सांगायला लावायचे. पारावर चार-चार मुलांना बोलावून तोंडी विचारायचे. उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, असा प्रश्न द्यायचा. तुमच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे आजीला विचारून लिहा. याची नक्कल करता येत नाही, कारण प्रत्येकाची विहीर वेगळी. यात नवे तंत्र काहीच नाही. पंतोजी हेच करीत. पण त्यासाठी शिक्षकापाशी मोजकी मुले लागतात आणि वेळ लागतो. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीला ते झेपत नाही, म्हणून पर्यायांवर टिचकी मारण्याच्या चाचण्या आल्या.

३१ जानेवारी २०२२ रोजी धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घराबाहेर शेकडो विद्यार्थी जमले. मागणी होती : परीक्षा ऑनलाइन घ्या. समाजमाध्यमावरील चिथावणीचा भाग त्यात होता, अटकाही झाल्या. पण वर्षभर पडद्यावर शिकवून परीक्षा मात्र कागदावर का, हा त्या मुलांचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. शासन नमले नाही. १५ मार्चपासून दहावीची परीक्षा कागदावर झाली. अभ्यासक्रम ७५ टक्के, केंद्र बहुतेकांना आपल्याच शाळेत आणि ७० ते १०० गुणांच्या पेपराला अर्धा तास जादा. हा जादा वेळ अशासाठी, की मुलांची हाताने लिहिण्याची सवय गेली होती. निकाल ९६.९४ टक्के. पुढच्या वर्षी सवलती निघाल्या आणि तो ९३.८३ वर आला.

राहिली २०२१ ची ती परीक्षा न दिलेली तुकडी. ती मंडळाच्या परीक्षेला खऱ्या अर्थाने पहिल्यांदा बसली फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, बारावीला. निकाल लागला ९१.२५ टक्के. महासाथीपूर्वीच्या दोन तुकड्यांचे आकडे होते २०१९ मध्ये ८५.८८ आणि २०२० मध्ये ९०.६६. म्हणजे जी मुले बारावीपर्यंत पोहोचली, ती आधीच्यांपेक्षा मागे नव्हती. जी दहावीनंतर अकरावीत गेलीच नाहीत, ती या टक्केवारीत मोजलेली नाहीत. त्यांच्याकडे आहे फक्त २०२१ ची गुणपत्रिका.